एकशे चाळीस ठिकाणी हसणारे नाना

चिंगी सेहेचाळीस वर्षांची झाली होती, तरी तिला चिंगी म्हणणारं एक माणूस अजून होतं. ते माणूस म्हणजे तिचे वडील, नाना. बाकी जगासाठी ती ताई होती.

ताई दात बनवायची. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं घ्यायचे, ती मापं प्लास्टरच्या साच्यांच्या रूपात लॅबमध्ये यायची, आणि उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसून ताई त्या साच्यांवर मेण चढवायची, एकेक दात बसवायची, हिरड्यांना रंग द्यायची. सव्वीस वर्षं हेच काम. शहरातली हजारभर माणसं तरी तिच्या हातच्या कवळ्यांनी जेवत असतील, पण त्यांतल्या एकालाही तिने हसताना पाहिलं नव्हतं. कवळी डबीत घालून पाठवली की तिचा आणि त्या माणसाचा संबंध संपला.

या कामाने तिला एक गोष्ट मात्र शिकवली होती, ती म्हणजे उजेड. दाताचा पांढरा रंग एक नसतो, सोळा असतात. कुणाचा पिवळसर, कुणाचा राखाडी, कुणाचा ताकासारखा निळसर, कुणाचा चहा पिऊन पिऊन मळका. ते ओळखायचे तर सकाळी दहा ते दुपारी दोन, उत्तरेच्या उजेडात, आणि अंगावर भडक कपडे न घालता. ताईच्या कपाटात म्हणूनच सगळे कपडे करडे होते. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "ताई, तुझं कपाट उघडलं की ढगाळ वाटतं बघ."

मग लॅबमध्ये मशीन आलं. फ्रिजएवढं, आवाज न करणारं. कॉम्प्युटरवर दाताचं चित्र काढायचं, मशीन ठोकळ्यातून दात कोरून द्यायचं. मालक भला माणूस होता, त्याने कुणाला काढलं नाही, पण आठवड्याचे सहा दिवस होते त्याचे चार केले. ताई दोन दिवस घरी बसू लागली आणि पगार त्या मानाने आटला.

फोटोंचं खूळ शिरलं ते एका चुकीमुळे. दातांच्या सामानाचा एक कॅटलॉग लॅबमध्ये आला होता. त्याच्या मुखपृष्ठावर जबड्याचा साचा होता, आणि तो उलटा ठेवलेला होता. वरचा जबडा खाली, खालचा वर. ताईने तो सामान विकायला आलेल्या एजंटच्या नाकासमोर धरला.

"हा फोटो कुणी काढलाय हो? या माणसाला जेवताना खालून घास भरवावा लागेल."

एजंटला काही दिसेना. त्याने कॅटलॉग दोनदा फिरवून पाहिला. "काढतंय कोण, ताई? इंटरनेटवर फोटोंच्या साइट असतात. जगभरची माणसं तिथे फोटो टाकून ठेवतात. आम्हाला लागला की पैसे भरून उतरवून घेतो. ज्याचा फोटो, त्याला त्यातला वाटा मिळतो."

"कुणीही टाकू शकतं?"

"कुणीही. मी टाकले होते माझ्या मांजराचे. एकही गेला नाही."

ताई त्या दिवशी घरी आली ती डोक्यात हाच किडा घेऊन. आठवड्याभरात तिने एक जुना कॅमेरा मिळवला, आणि सुट्टीच्या दिवशी लॅबमधून टाकाऊ साचे आणून जेवणाच्या टेबलावर मांडले.

नाना हे सगळं खुर्चीतून बघत होते. नाना म्हणजे पाट्या रंगवणारे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. चाळीस वर्षं शिडीवर काढलेली, त्यामुळे आता गुडघे बोलत होते, पण नजर होती तशीच तिखट. रस्त्यावरून चालताना ते कुठल्याही फलकावरचं अक्षर आधी बघत, अर्थ नंतर. "हा काय लिहितोय, 'ळ' आहे की जिलबी पडली पाटीवर?" असं मोठ्याने म्हणत. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात त्यांची सही असे. बोटभर लांबीची, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून तिच्याखाली रेघ ओढणारी. त्या सहीचा त्यांना भारी अभिमान.

"चिंगे, सावली जड पडतेय," ते म्हणाले. "समोरून पांढरा पुठ्ठा धर."

"धरू कशी? हात दोनच आहेत."

"मग मी कशाला बसलोय?" आणि नाना उठले. त्या दिवसापासून पुठ्ठा धरण्याचं खातं त्यांच्याकडे गेलं.

पहिले दहा फोटो पाठवले, त्यातले आठ साइटने नापास केले. एकात प्लास्टरची भुकटी दिसत होती, एकात मेणाच्या सुरीवर कंपनीचं नाव होतं, एक धूसर, एक अंधारलेला. दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. पण ताईचं आयुष्य केसाएवढ्या चुकीसाठी अख्खी कवळी पुन्हा करण्यात गेलं होतं. तिने भुकटी ब्रशने झाडली, नाव मातीने बुजवलं, आणि आठही पुन्हा काढले. महिन्याभरात साच्याचा एक फोटो विकला गेला. सरळ ठेवलेल्या साच्याचा. मिळकत एवढीशी होती की सांगायलाही लाज वाटावी, पण नानांनी चहात त्या दिवशी साखर जास्त घातली.

मग चमचे आले, किटली आली, जिन्याची पायरी आली, खिडकीच्या काचेवरचा ओघळ आला. महिन्याकाठी थोडं थोडं पडू लागलं. पण साइटवर सारखी सूचना येई, की लोकांना माणसं हवी असतात. चेहरे. हातवारे. खरीखुरी, नटवलेली नाही अशी. आणि माणसाचा फोटो विकायचा तर त्या माणसाच्या सहीचं संमतीपत्र जोडायला लागतं.

ते चेहऱ्याचं प्रकरण असं घडलं. शिंपीणकाकूंची खोली गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी भरलेली, त्यामुळे मोठं कापड बेतायचं असलं की त्या ताईकडच्या बाहेरच्या खोलीत येत. त्या दिवशी पडद्याचं कापड होतं. काकूंनी एक टोक खुर्चीला बांधलं, दुसऱ्या टोकाचे दोन कोपरे नानांच्या दोन हातांत दिले आणि ताणून धरायला सांगितलं. नानांनी कवळी काढून ठेवलेली होती. ताईने स्वतः बनवलेली कवळी ती, पण नाना ती फक्त जेवताना घालत. "छान आहे गं," ते म्हणत, "पण पाहुण्यासारखी वाटते. चार तास बरी, मग कधी जाते असं होतं." आणि कवळी नसताना बाहेरच्या माणसासमोर हसू आलं तर ते हात तोंडावर नेत. ही त्यांची जुनी सवय.

काकू कात्री चालवता चालवता सांगत होत्या. "एक गिऱ्हाईक कोट टाकून गेलं हो, नाना. अस्तर बदलायला. मी खिसा चाचपला तर आत काहीतरी टणक. बघते तर कवळी! दोन आठवडे मी ती वाटीत झाकून ठेवली. माणूस आला, म्हणाला, 'फोट झाला फा?' मी म्हटलं झाला. त्याने कोट घेतला, खिशात हात घातला, कवळी काढली, माझ्या मशीनच्या दिव्यात नीट निरखली, तोंडात बसवली, आणि एकदम खणखणीत आवाजात मला म्हणतो, 'डावी बाही आखूड झालीय.'"

नानांना हसू फुटलं. दोन्ही हात कापडात गुंतलेले, तोंड झाकायला काही नाही. डोळे मिटले, हनुवटी वर गेली, रिकाम्या हिरड्या उघड्या पडल्या, आणि खिडकीतला सकाळचा उजेड पडद्याच्या पांढऱ्या कापडावरून परतून थेट चेहऱ्यावर आला. ताईच्या हातात कॅमेरा होताच. तिने दाबलं.

दुपारी तिने नानांना तो फोटो दाखवला. नानांनी बराच वेळ पाहिला.

"फोटो चांगला आहे," ते म्हणाले. "पण हा नको."

"नाना, मी आजवर असा फोटो काढलेला नाही."

"म्हणून तर म्हणतोय, चांगला आहे. पण माझं तोंड दुकानात मांडायचं नाही. पुसून टाक."

ताईने पुसला नाही. ठेवून दिला, आणि विषय तिथेच थांबला.

दोन महिन्यांनी लॅबच्या मालकाने तिला खुर्ची पुढे करून बसवलं. मालक खुर्ची पुढे करतो तेव्हा बातमी चांगली नसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. चाराचे तीन दिवस झाले होते. ताई दुपारीच घरी आली. नाना झोपले होते. तिने कॉम्प्युटर उघडला, तो फोटो उघडला आणि नुसती बघत बसली. मग तिने संमतीपत्र छापून घेतलं, पेन उचललं आणि नानांची सही केली.

ती सही तिला येत होती. लहानपणी पाटीच्या कोपऱ्यात बघून बघून तिने वह्यांच्या मागच्या पानांवर ती शेकडो वेळा गिरवली होती, शेपटी मागे वळवून, खाली रेघ ओढून. तेव्हा नाना कौतुकाने म्हणाले होते, "हुबेहूब!" आताही हुबेहूब आली. फोटोबरोबर शोधशब्द द्यायचे असतात, ज्यांवरून गिऱ्हाइकाला फोटो सापडतो. ताईने लिहिले, वृद्ध, आनंद, हसू, घर. मग क्षणभर थांबली. आपल्या धंद्यात काय खपतं ते तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. तिने पुढे लिहिलं, दात नसलेला, कवळी, दवाखाना.

फोटो चालला. चालला म्हणजे धावला. पहिल्या आठवड्यात पाच जणांनी घेतला, महिन्यात तीस. तीन दिवसांच्या पगाराला आधार झाला. ताईने नानांसाठी चांगले मऊ तळव्याचे बूट आणले.

"हे कुठून?" नानांनी विचारलं.

"फोटोंचे पैसे आले."

"कुठल्या फोटोंचे?"

"चमच्यांच्या," ताई म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, म्हणजे वर बघायला नको.

असे सात-आठ महिने गेले. मग नानांच्या हिरडीला कवळी टोचायला लागली. ताईने घरी थोडी घासून पाहिली, पण आत जखम होती, डॉक्टरांना दाखवणं भाग होतं. ती ज्यांच्यासाठी काम करायची त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात दोघं गेली. नवे बूट घालून नाना तुरुतुरु पुढे, ताई पिशवी सांभाळत मागे.

आत शिरताच उजव्या हाताच्या भिंतीवर पोस्टर होतं. दारापेक्षा उंच. नाना सवयीप्रमाणे थांबले आणि मान तिरकी करून अक्षरं वाचू लागले.

"हसायला... लाज वाटते? आता... नको." ते म्हणाले. "दोन शब्दांमधलं अंतर बघ, म्हैस जाईल मधून. आणि प्रश्नचिन्ह असं पडलंय की..."

पुढचं वाक्य आलं नाही. त्यांची नजर अक्षरांवरून चित्राकडे गेली होती. ताई दोन पावलं मागेच थांबली.

काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "अय्या! आजोबा, हे तुम्हीच ना? तुम्हीच आहात! मी रोज बघते तुम्हाला!" बाकावर बसलेल्या दोन-तीन पेशंटनी माना वळवल्या. एकदा पोस्टरकडे, एकदा नानांकडे.

नानांचा हात वर गेला आणि तोंडावर बसला. कवळी घातलेली होती, तरीही.

"चल," ते ताईला म्हणाले.

"नाना, हिरडी दाखवायची..."

"चल म्हटलं ना."

घरी येताना ते ताईच्या दहा पावलं पुढेच होते. जिना चढून, बूट काढून, खुर्चीत बसून मग त्यांनी विचारलं, "सही कुणी केली?"

"मी."

"कुणाची?"

"तुमची."

नानांनी मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने पाटीचा मजकूर सांगितला आणि तो त्यांनी लक्षात ठेवला. "चिंगे, चाळीस वर्षांत मी दुसऱ्याच्या कामावर माझी सही टाकली नाही. माझ्या कामावर दुसऱ्याला टाकू दिली नाही. एकाने टाकली होती, त्याच्याशी मी मरेपर्यंत बोललो नाही." मग थोड्या वेळाने, "तो मरेपर्यंत."

ताईने कारणं सांगायला तोंड उघडलं. मालकाची खुर्ची, चाराचे तीन दिवस. पण ती कारणं तिच्याच कानाला पोकळ लागली असती. ती म्हणाली, "चुकलं माझं."

"हो," नाना म्हणाले, आणि पेपर उघडला.

पुढचे तीन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं. मीठ दे. दार लाव. काकू कापड घेऊन आल्या, तर नाना गुडघ्याचं निमित्त सांगून आतच पडून राहिले. काकूंनी ताईकडे पाहिलं, ताईने जमिनीकडे. काकूंनी कापड गुंडाळलं आणि जाताना फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी ताई नानांसमोर स्टूल घेऊन बसली. "नाना, फोटो मी साइटवरून काढलाय. यापुढे कुणाला मिळणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ज्यांनी आधी घेतलाय, त्यांच्याकडून परत घेता येत नाही. ते वापरू शकतात."

"किती जणांनी घेतलाय?"

"एकशे चाळीस."

नानांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे मी आत्ता एकशे चाळीस ठिकाणी हसतोय?"

"हो."

"कुठे कुठे?"

"माहीत नाही. घेणाऱ्याचं नाव कळत नाही. पण शोधलं तर काही सापडतील."

"शोध," नाना म्हणाले. "माझं तोंड कुठे कुठे गेलंय ते मला कळायला नको?"

त्या दिवशी सुट्टीच होती. दोघं कॉम्प्युटरसमोर बसली आणि चित्र टाकून चित्र शोधायची जी सोय असते तिच्या मदतीने एकेक ठिकाण काढू लागली. पहिले नाना सापडले ते कानाच्या मशीनच्या दुकानात. "पुन्हा ऐका नातवंडांचा आवाज." नाना घशातल्या घशात काहीतरी पुटपुटले. दुसरे नाना विमा विकत होते. तिसरे एका वर्तमानपत्रातल्या लेखात, म्हातारपणी एकटेपणा कसा येतो यावरच्या.

"एकटा कुठे?" नाना एकदम म्हणाले. "समोर काकू होती, तू होतीस. यांनी काकूला कापून टाकलं की काय?"

"काकू फोटोत नव्हत्याच, नाना."

"कापडाचं टोक तरी दिसतंय ना हातात!"

चौथे नाना एका लांबच्या देशात होते. तिथली लिपी दोघांनाही वाचता येईना. वेटोळी, नाजूक, वेलीसारखी अक्षरं. नाना पुढे वाकले. "काय लिहिलंय कोण जाणे, पण लिहिलंय झकास. ही वळणं बघ. हाताने काढलेलं अक्षर आहे हे." ताईने कॉम्प्युटरला त्याचं भाषांतर करायला लावलं. एका छोट्या बेकरीची पाटी होती ती. लिहिलं होतं, "आमचा पाव मऊ आहे."

नानांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांचे खांदे हलू लागले. ताईला वाटलं रडताहेत की काय. पण ते हसत होते. हात तोंडाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर आला आणि परत मांडीवर गेला.

"हे बरं आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "हा माणूस खरं बोलतोय. मऊ पाव मला चालतो."

संध्याकाळपर्यंत एकवीस नाना सापडले. काही बरे, काही वाईट, एक तर इतका वाईट की ताईने पटकन पान बंद केलं आणि नानांनीही पुन्हा उघडायला लावलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आता दोन कामं. पहिलं, त्या साइटवाल्यांना खरं लिही. सही माझी नव्हती, असं."

"ते खातं बंद करतील, नाना. राहिलेले पैसेही जातील."

"जाऊ देत. माझ्या नावाची खोटी सही कुठल्या तरी कपाटात पडून राहायला नको." मग जरा नरमून, "तुला ओढाताण होईल, कळतं मला. घड्याळांच्या दुकानाच्या पाटीचा रंग उडालाय. बसून करण्यासारखी आहे. विचारतो त्याला."

ताईने त्याच वेळी लिहिलं. चार ओळींचं पत्र, पण लिहायला तासभर लागला. आठवड्याने उत्तर आलं. खातं सहा महिने बंद, त्या फोटोची शिल्लक जप्त, आणि पुन्हा असं झालं तर कायमची मनाई. उत्तराच्या शेवटी कुणीतरी माणसाने स्वतःच्या शब्दांत एक ओळ घातली होती, की स्वतःहून कळवल्याबद्दल आभार. ताईने ते सगळं नानांना वाचून दाखवलं.

दुसरं काम नाना एकटे जाऊन करून आले. ताईला ते कळलं डॉक्टरीणबाईंकडून, त्यांनी कवळीचं काम पाठवताना फोन केला तेव्हा.

"तुमचे वडील आले होते," बाई म्हणाल्या. "मला इतकं ओशाळवाणं झालं. मला काय कल्पना, हे आजोबा आपल्याच पलीकडच्या रस्त्यावर राहतात! मी म्हटलं, लगेच काढते पोस्टर. तर म्हणाले, काढायचं की नाही ते नंतर, आधी माझ्याबरोबर उभ्या राहा आणि बघा. मला पोस्टरसमोर उभं केलं. म्हणाले, 'डॉक्टरीणबाई, तुम्ही लिहिलंय हसायला लाज वाटते. या फोटोत लाजणारा माणूस मला दाखवा.' मी पाहिलं. खरंच, ताई, तो कुठेच नव्हता."

"मग?"

"मग पोस्टर उतरवलं. गुंडाळून त्यांना दिलं. हिरडीही तपासली, आता ठीक आहे. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी शब्दांमधलं अंतर मला विचारा."

ते पोस्टर नानांनी घरी आणलं आणि कपाटाच्या वर टाकलं, भिंतीवर लावलं नाही. कवळीची त्यांची रीतही बदलली नाही. जेवताना आत, एरवी बाहेर. काकूंपुढे ते आता हात न नेता हसायचे, पण नवख्या माणसासमोर हात जायचाच. ती सवय सत्तर वर्षांच्या माणसाची, ती अशी एका पोस्टरने थोडीच जाणार.

सहा महिने ओढाताणीत गेले, पण गेले. नानांनी घड्याळवाल्याची पाटी केली, खुर्चीत बसून, मांडीवर फळी घेऊन, आणि त्या पाटीने आणखी दोन पाट्या आणल्या. लॅबच्या मालकाने मशीनवर दाताचं चित्र काढायला कुणी धड नाही म्हणून ताईला बोलावलं. मशीनला दात कोरता येत होते, पण कुठल्या तोंडाला कुठला दात शोभेल ते कळत नव्हतं. तीनाचे पुन्हा चार दिवस झाले.

आणि एका सकाळी खातं उघडल्याची सूचना आली. ताई काही बोलली नाही. चहा गाळताना नानांनीच विचारलं, "तो संमतीचा कागद अजून आहे का गं?"

"आहे. का?"

"आण बघू."

नानांनी तो कागद खिडकीशी नेऊन पहिल्या ओळीपासून वाचला. आयुष्यात कुणी तो इतका काळजीपूर्वक वाचला नसेल. मध्येच थांबले. "'जगात कुठेही, कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी.' कायमस्वरूपी म्हणजे मी गेल्यावरही?"

"हो, नाना."

"मग घाईघाईत काढू नकोस. नीट बसून काढ." आणि त्यांनी रंगाचे डबे मांडायला घेतले.

फोटो नानांनी स्वतः बेतला. खिडकीखाली फळी, फळीवर अर्धवट रंगवलेलं अक्षर, हातात ब्रश, नजर अक्षरावर. हसणं नाही, कॅमेऱ्याकडे बघणं नाही. "काम करताना मी हसत नाही," ते म्हणाले. कवळी घातली नव्हती, आणि तो विषयही निघाला नाही. पुठ्ठा धरायला काकू होत्या, त्या सारख्या बोलत होत्या आणि पुठ्ठा हलत होता. अठरा फोटो काढले. नानांनी सतरा नापास केले, साइटला काम ठेवलं नाही. अठराव्यावर बोट ठेवलं, कागद ओढून घेतला आणि सही केली. शेपटी नेहमीपेक्षा लांब गेली.

शोधशब्द ताईने त्यांना विचारून लिहिले. नानांनी दोनच सांगितले. पाटी. रंगारी.

"इतक्या कमी शब्दांवर कुणाला सापडणार नाही, नाना."

"ज्याला हवा असेल त्याला सापडेल."

आता रोज सकाळी ताई लॅबला निघताना नाना पेपरच्या आडून विचारतात, "काय गं, आज खपलो का?" ताई चप्पल घालता घालता फोन बघते.

"अजून नाही, नाना."

"बरंय," नाना म्हणतात आणि पान उलटतात. "मलाही घाई नाही."